खुलासा न देणारा मित्र

देवाच्या संदर्भात 'मैत्री' हा शब्द वापरताना मराठी वाचक अडखळत नाही. नवविधा भक्तीत सख्य ही आठवी भक्ती आहे आणि समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात तिच्यासाठी एक स्वतंत्र समास दिला आहे. तुकोबा विठ्ठलाशी हक्काने भांडतात, जनाबाईच्या जात्याला देव हात लावतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यामुळे ख्रिस्ती परंपरेतील 'देवाचा मित्र' ही कल्पना समोर आली की 'हे तर आपल्याकडेही आहे' असे म्हणून आपण पुढे जातो. गेल्या वर्षी एका ख्रिस्ती स्नेह्यांनी मला एक लहानसे पुस्तक वाचावयास दिले. हे गृहस्थ निवृत्त शिक्षक आहेत आणि आमच्या वाचनमंडळात नियमाने येतात. ते पुस्तक वाचल्यावर असे घाईने पुढे जाणे योग्य नाही असे वाटू लागले, आणि त्यातूनच हा लेख झाला.

पुस्तक इंग्रजीत 'द प्रॅक्टिस ऑफ द प्रेझेन्स ऑफ गॉड' या नावाने प्रसिद्ध आहे. मराठीत त्याला 'ईश्वरसान्निध्याचा अभ्यास' असे म्हणता येईल. मूळ पुस्तक फ्रेंच आहे. ती भाषा मला येत नाही. मी वाचला तो इंग्रजी अनुवाद. म्हणून शैलीविषयी निर्णय देण्याचा अधिकार मला नाही. पुस्तकाची घडण आणि त्यातील विचार, एवढ्यापुरतेच माझे म्हणणे मर्यादित आहे.

पुस्तकाचा नायक ब्रदर लॉरेन्स. त्याचे पूर्वाश्रमीचे नाव निकोलस हर्मन. लोरेन प्रांतातील एरिमेनिल या गावी १६१४ च्या सुमारास त्याचा जन्म झाला. तरुणपणी तो सैन्यात होता. तीस वर्षांच्या युद्धात पायाला जखम झाली आणि तो कायमचा लंगडा झाला. पुढे फ्यूबे नावाच्या एका खजिनदाराकडे त्याने नोकर म्हणून काम केले. आपण त्या घरी किती धांदरट होतो, हाती येईल ती वस्तू कशी फोडत होतो, हे त्याने स्वतःच सांगितले आहे. १६४० मध्ये तो पॅरिसमधील अनवाणी कार्मेल संघाच्या मठात दाखल झाला. मठात आपल्या धांदरटपणाची चांगली शिक्षा होईल अशी त्याची अपेक्षा होती. ती काही झाली नाही, उलट समाधानच मिळाले, म्हणून देवाने आपल्याला फसवले असे तो थट्टेने म्हणे. तो धर्मगुरू नव्हता, साधा बंधू होता. सुमारे पंधरा वर्षे त्याने मठाच्या स्वयंपाकघरात काम केले, आणि पाय फारच दुखू लागल्यावर बसून वहाणा शिवण्या-दुरुस्त करण्याचे. १२ फेब्रुवारी १६९१ रोजी तो वारला.

हे पुस्तक त्याने लिहिलेले नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. जोसेफ द बोफोर या धर्मगुरूने १६६६ आणि १६६७ या दोन वर्षांत त्याच्याशी चार वेळा बोलणे केले आणि ते टिपून ठेवले. लॉरेन्सच्या मृत्यूनंतर त्याची पत्रे व वचने गोळा करून १६९२ मध्ये आणि ही संभाषणे १६९४ मध्ये बोफोरनेच प्रसिद्ध केली. मराठी वाचकाला येथे लीळाचरित्राची आठवण व्हावी. चक्रधरस्वामींच्या पश्चात म्हाइंभटांनी भक्तांकडे फिरून लीळा जमवल्या आणि त्यातून आपल्या गद्याचा आद्य ग्रंथ उभा राहिला. ज्याचे बोलणे आपण वाचतो त्याच्या हाती लेखणी नाही, आणि ज्याच्या हाती लेखणी आहे तो ऐकणारा आहे, ही दोन्हीकडची स्थिती सारखीच आहे. फरक असा की म्हाइंभटांनी प्रसंग जपले, स्थळ जपले, समोरच्याचा प्रश्नही जपला. बोफोरने मुख्यतः निष्कर्ष जपले. संभाषण म्हणून जे छापले आहे त्यात बोफोर स्वतः जवळजवळ बोलतच नाही. त्यामुळे लॉरेन्सची वाणी संभाषणांत काहीशी घासून गुळगुळीत झालेली आहे. पत्रे मात्र त्याची स्वतःची आहेत. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

या पुस्तकाची सर्वसाधारणपणे जी ओळख करून दिली जाते ती स्वयंपाकघरातल्या शांततेची. भांड्यांचा खणखणाट चालू आहे, चार जण चार वस्तू मागत आहेत, आणि या गडबडीतही हा बंधू प्रार्थनामंदिरात गुडघे टेकून बसावे तितका शांत आहे. तव्यातले आमलेट तो देवाच्या प्रेमाखातर उलटतो. जमिनीवर पडलेली काडी उचलायची तर तीही त्याच्याचसाठी. हे सर्व पुस्तकात आहे आणि ते सुंदर आहे. परंतु तेवढेच घेतले तर हे पुस्तक मनःशांतीचा एक उपाय सांगणारे, म्हणजे आजकाल दुकानात ढिगाने मिळणाऱ्या पुस्तकांपैकी एक होऊन बसते.

ते तसे नाही. या मनुष्याला स्वयंपाकघराचा स्वभावतःच तिटकारा होता, हे त्याच संभाषणांत नमूद आहे. आपण नरकात जाणार अशी त्याची चार वर्षे खात्री होती. कोणी काही सांगितले तरी ती भीती हटेना. शेवटी त्याने ठरवले की पुढे आपले काहीही होवो, निदान मरेपर्यंत जे करायचे ते देवाच्या प्रेमासाठी करू. एका पत्रात तर पहिली दहा वर्षे आपण फार सोसले असे तो लिहितो. म्हणजे ही मैत्री सुखाच्या अनुभवापासून सुरू होत नाही. समोरून काही मिळेल ही आशा संपल्यावर ती सुरू होते.

बायबलमध्ये 'देवाचा मित्र' ही पदवी फार थोड्यांना मिळालेली आहे. अब्राहामाला ती मिळाली. मोशेशी देव मित्राशी बोलावे तसा समोरासमोर बोलत असे, असे सांगितले आहे. योहानाच्या शुभवर्तमानात, पंधराव्या अध्यायात, येशू आपल्या शिष्यांना सांगतो की यापुढे मी तुम्हांला दास म्हणणार नाही, मित्र म्हणेन. कारण धनी काय करतो हे दासाला ठाऊक नसते. हे बोलणे नेमके केव्हाचे आहे, इकडे आपले लक्ष जात नाही. ते अटकेच्या रात्रीचे आहे. काही घटकांतच शिष्य पांगतात आणि पेत्र पहाट होण्यापूर्वी तीन वेळा ओळख नाकारतो. जे त्याच रात्री कसोटीला उतरणार नव्हते त्यांनाच मित्र म्हटले गेले होते. त्याच शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात येशू पेत्राला पुन्हा भेटतो, तेव्हा 'तू असे का केलेस?' असे विचारत नाही. 'माझ्यावर तुझी प्रीती आहे काय?' असे तीन वेळा विचारतो आणि तिन्ही वेळा आपली मेंढरे राखण्याचे काम सोपवतो. ज्या वाचकाने आयुष्यभर शासकीय पत्रव्यवहार केला आहे त्याला येथे थांबावेच लागते. खुलासा मागवलेला नाही. काम सोपवले आहे.

लॉरेन्सच्या पुस्तकाचे मर्म मला येथे सापडते. आपल्या हातून चूक झाली की तो ती कबूल करतो. तू मला माझ्यावर सोडलेस तर माझ्याकडून असेच होणार, या अर्थाचे एक वाक्य देवाला ऐकवतो आणि पुन्हा कामाला लागतो. स्वतःला दूषणे देत बसत नाही आणि कारणेही देत नाही. मन प्रार्थनेत भटकते अशी तक्रार करणाऱ्या एका व्यक्तीला तो लिहितो की भटकलेल्या मनाशी झगडू नका, त्याला शांतपणे परत आणा. आणि इतर वेळी ते फार दूर जाऊ दिले नाही तर प्रार्थनेच्या वेळी आणणे सोपे जाईल. परत येणे हाच त्याचा सगळा अभ्यास आहे. आपल्याकडे निष्ठा म्हणजे न ढळणे असे मानतात. लॉरेन्सच्या हिशेबी निष्ठावान तो, जो ढळल्यावर सबब न सांगता परत येतो.

या ठिकाणी माझा अनुभव सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत कोषालयात होतो. महाराष्ट्रात त्याला कोषागार म्हणतात. कारणे दाखवा नोटिसा आणि त्यांवरील खुलासे यांची भाषा मी चौतीस वर्षे वाचली आणि लिहिलीही. त्या भाषेचे एक वैशिष्ट्य आहे. तिच्यात चूक नेहमी झालेली असते, कोणी केलेली नसते. 'विलंब झाला', 'नजरचुकीने राहून गेले', 'प्रकरण प्रलंबित राहिले'. नोकर असेच बोलतो; त्याला नोकरी टिकवायची असते आणि त्यात मला गैर वाटत नाही. परंतु मित्राशी या भाषेत बोलता येत नाही. मित्राला खुलासा देऊ लागलो की मैत्री तेवढी कमी झाली. धन्याला घाबरणारा आणि मित्राकडे परतणारा यांच्या वाक्यरचनेतच फरक असतो. लॉरेन्स 'माझ्याकडून असेच होणार' म्हणतो तेव्हा कर्ता वाक्यात उभा आहे.

आता मराठी सख्यभक्तीशी तुलना करू. दासबोधातील समासाचा रोख असा आहे की देवाला जे प्रिय ते आपण करावे, म्हणजे सख्य आपोआप जडते. त्यासाठी आपले सुख सोडावे लागले तरी सोडावे. लॉरेन्स समर्थांच्या फार जवळ येतो. तुकोबांपासून आणि जनाबाईपासून मात्र तो दूर आहे. तुकोबांची मैत्री भांडते, जाब विचारते. लॉरेन्स एकदाही भांडत नाही, आणि मराठी कानाला हे थोडे अळणी लागते. जनाबाईचा देव तिच्याबरोबर दळू लागतो. लॉरेन्सचा देव आमलेट उलटत नाही. ते लॉरेन्सलाच उलटावे लागते. मठासाठी द्राक्षमद्य खरेदी करण्यास त्याला बर्गंडीला पाठवले तेव्हा व्यवहाराची समज नाही, पाय अधू, नावेत चालता येईना. पिंपांवरून लोळत लोळत त्याला पुढे सरकावे लागे. हे काम तुझे आहे, एवढे देवाला सांगून तो गेला आणि काम नीट झाले. देवाने पिंपे हलवली असे तो म्हणत नाही. चमत्काराचा मोह इतक्या सहजपणे टाळणारे भक्तिवाङ्मय मी फार वाचलेले नाही.

आणखी एक निरीक्षण. पुस्तकात 'मित्र' ही प्रतिमा आपण समजतो तितकी ठळक नाही. एका पत्रात तो स्वतःला राजापुढे उभा असलेला अपराधी म्हणवतो. राजा शिक्षा न करता त्याला आपल्या पंगतीला बसवतो, स्वतः वाढतो आणि खजिन्याच्या किल्ल्या हाती देतो. कधी तो आईच्या अंगावरचे मूल होतो, कधी मूर्तिकारापुढील दगड. मैत्री प्रतिमेत कमी आणि बोलण्याच्या पद्धतीत अधिक आहे. देवाशी साधे, मोकळे, आडपडदा न ठेवता बोलावे. कामाच्या मध्येच क्षणभर बोलावे. एका सैनिकासाठी पाठवलेल्या निरोपात तर हाती तलवार घेऊन चालतानाही अंतःकरण क्षणभर तिकडे वळवले तरी पुरे, असे तो सांगतो. उपासनेचा विधी न मांडता संवाद कसा चालू ठेवावा, हे दाखवणे ही या पुस्तकाची मोठी कामगिरी आहे.

इथवर मी पुस्तकाच्या बाजूने बोललो. पण पहिल्याच संभाषणात एक जागा आहे जी मला फार टोचली. जगातील दुःखे आणि पापे रोज कानावर येतात, त्यांचे लॉरेन्सला नवल वाटत नाही. माणसांची दुष्टता पाहता ती याहून अधिक कशी नाहीत याचेच त्याला नवल वाटते. तो त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. पुढे देव पाहून घेईल, म्हणून आणखी कष्टी होत नाही.

हे वाचताना मला एक प्रकरण आठवले. एका विधवा बाईंच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद माझ्या टेबलावर आले होते. पतीच्या सेवापुस्तकातील त्यांचे नाव आणि इतर कागदांवरील नाव यांत एका अक्षराचा फरक होता. मी आक्षेप नोंदवून प्रकरण परत पाठवले. एकदा नव्हे, तीनदा. तिन्ही वेळा माझा शेरा नियमाला धरून होता. मंजुरीला अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत मी रोज सकाळी पूजा करून कार्यालयात जात होतो आणि रात्री मला उत्तम झोप लागत होती. शांतता माझ्याकडेही होती. म्हणून शांततेला मैत्रीचा पुरावा मानायला मी तयार नाही. दुसऱ्याच्या दुःखाला दार लावून घेतले तरी ती मिळते.

ही शंका केवळ माझी नाही. लॉरेन्सच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच फ्रान्समध्ये निष्क्रिय ईश्वरशरणतेविषयी मोठा वाद झाला. लॉरेन्सला आजारपणात भेटलेला फेनेलाँ या वादात एका बाजूचा प्रमुख होता आणि १६९९ मध्ये पोपने त्याच्या ग्रंथातील विधाने दोषास्पद ठरवली. त्या वादाची छाया लॉरेन्सच्या पुस्तकावरही पडली आणि काही काळ कॅथलिकांपेक्षा प्रॉटेस्टंटांनीच ते अधिक जपले.

मी माझी टोचणी त्या स्नेह्यांना बोलून दाखवली. म्हटले, "सर, जगाचं दुःख ऐकून तुमच्या या ब्रदरची झोप उडत नाही, हे तुम्हाला खटकत नाही का?"

ते म्हणाले, "खटकतं ना. पण साहेब, तुम्ही बोफोरचं पुस्तक वाचलंत. लॉरेन्सचं अजून वाचलं नाहीत. पत्रं वाचा."

मी पत्रे पुन्हा वाचली. आयुष्याच्या अखेरच्या काळात तो एका आजारी व्यक्तीला पत्रामागून पत्र लिहितो. दुःख टळावे अशी मागणी न करता ते सोसण्याचे बळ मागा, असा उपदेश त्यात आहेच. पण 'तुम्हांला इतके दिवस सोसताना पाहून मला यातना होतात' असा कबुलीजबाबही आहे. एका ठिकाणी तो लिहितो की तुमच्या दुःखाचा वाटा मी देवाकडे आनंदाने मागितला असता, पण माझा दुबळेपणा मला ठाऊक आहे; त्याने मला क्षणभर सोडले तर माझ्याइतका दीन कोणी नसेल. संभाषणांतील निश्चिंत बंधूला हा पत्रांतील म्हातारा खोडून काढतो. येथे तो कष्टी आहे, आणि वाटा मागण्याचे धैर्य आपल्याला नाही हेही लपवीत नाही. खुलासा येथेही दिलेला नाही. शेवटचे पत्र ६ फेब्रुवारी १६९१ चे, म्हणजे मृत्यूच्या सहा दिवस आधीचे आहे.

तरीही पुस्तकाची मर्यादा राहतेच. पत्रातून सोबत करणे आणि उठून जाणे यांत अंतर आहे. ते अंतर ख्रिस्ती परंपरेत कोणी कापले असे विचारले तर मराठी वाचकाला उत्तर दूर शोधावे लागत नाही. पंडिता रमाबाईंनी १८७० च्या दशकातील दुष्काळात आई-वडील गमावले होते. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि उपासमारीने मरायला टेकलेल्या मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून वाढले. १९०० च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळपीडित मुलीही तेथे आल्या. जगाच्या दुःखाचे नवल रमाबाईंनाही वाटले नसेल, कारण ते त्यांनी भोगले होते. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. पेत्राला 'माझी मेंढरे चार' म्हणून जे सांगितले गेले त्याचा सरळ अर्थ त्यांनी घेतला. योहानाच्या त्याच पंधराव्या अध्यायात मित्र या शब्दाच्या मागे-पुढे 'एकमेकांवर प्रीती करा' ही आज्ञा दोनदा आली आहे. देवाशी मैत्री आणि शेजाऱ्याशी व्यवहार ही तेथे दोन प्रकरणे नाहीत, एकाच कागदाच्या दोन बाजू आहेत.

रमाबाईंच्या मापाने लॉरेन्सला नाकारावे असे मात्र मला वाटत नाही. दुष्काळात धावून जाण्याचे प्रसंग आयुष्यात थोडे येतात. टेबलावर कागद रोज येतात. काडी उचलणे देवासाठी असू शकते हे ज्याला पटले त्याला एका अक्षराचा फरक दुरुस्त करून घेण्यासाठी एक पत्र स्वतः लिहिणे, प्रकरण तीनदा परत न पाठवता बाईंना एकदा समोर बसवून विचारणे, हेही देवासाठी करता आले असते. लॉरेन्सने हे मला शिकवले असते. पण त्याची पत्रे मी वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी वाचली.

सुज्ञ वाचकांना माझी सूचना एवढीच की हे पुस्तक हाती आले तर आधी पत्रे वाचावीत आणि मग संभाषणे. म्हणजे शांतता कोठून आली हे आधी कळते आणि तिचा मोह कमी होतो. त्या बाई पुढे दोनदा कार्यालयात आल्या होत्या. दोन्ही वेळा मी त्यांना नियम समजावून सांगितला. दिलगिरी व्यक्त केली नाही. आता त्यांचा पत्ता माझ्याकडे नाही, आणि या लेखात त्याचा खुलासाही मी देत नाही.